कंठ फुटण्याच्या अलीकडे-पलीकडे

ग्लॉस्टर कॅथेड्रलमध्ये वर्षातून एकदा माजी कॉरिस्टरांचा मेळावा भरतो. वयाच्या साधारण आठव्या वर्षापासून आवाज बदलेपर्यंत ज्यांनी या कॅथेड्रलच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, संध्याकाळमागून संध्याकाळ गायले, ती मंडळी त्या दिवशी इंग्लंडच्या कानाकोपऱ्यांतून परत येतात. त्यांत नुकतेच विद्यापीठात गेलेले विद्यार्थी असतात, चाळिशीतले वकील असतात, निवृत्त शिक्षक असतात आणि काठी टेकत आलेले दोन-तीन वृद्ध असतात. दुपारी तालीम होते, संध्याकाळी आजच्या मुलांबरोबर इव्हनसाँग गायली जाते आणि मग सगळे एकत्र जेवतात. मी तिथे जाते ती एका माजी कॉरिस्टरची आई म्हणून. माझ्या मुलाने या कॉयरमध्ये साडेचार वर्षे गायले आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकले, एवढाच माझा अधिकार. परंतु ज्या गोष्टीने आमच्या घराची साडेचार वर्षे व्यापली आणि जी अजूनही घरातून गेलेली नाही, तिच्याविषयी मला बरेच दिवस लिहायचे होते.

मी मूळची वाईजवळच्या एका गावातली. आजोबा गावच्या भजनी मंडळात टाळकरी होते आणि आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जात. नोकरीच्या निमित्ताने आम्ही ग्लॉस्टरला आलो. मुलाच्या शाळेत गाणे शिकवणाऱ्या बाईंनी त्याचा आवाज ऐकून कॅथेड्रलच्या आवाजचाचणीला पाठवावे असे सुचवले, तेव्हा आम्ही दोघेही गोंधळलो होतो. आपल्या घरातल्या मुलाने रोज दुसऱ्या धर्माची प्रार्थना गावी का, हा प्रश्न मनात होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मी वाईला आईला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “देवाचंच म्हणतोय ना? मग म्हणू दे की.”

पहिल्या संध्याकाळी मी आत गेले तेव्हा माझे लक्ष त्या प्रसिद्ध दगडी कमानींकडे किंवा पूर्वेच्या विशाल रंगीत खिडकीकडे गेले नाही. गाणारे दोन रांगांत समोरासमोर बसले होते, ते पाहून मी जागीच थांबले. पुढे लहान मुले, त्यांच्या पाठीमागे मोठी माणसे आणि मध्ये मोकळी वाट. दक्षिणेकडची बाजू डीनची, म्हणजे कॅथेड्रलच्या प्रमुख धर्मगुरूची, म्हणून तिला डेकानी म्हणतात आणि उत्तरेकडची गायनप्रमुखाची म्हणून ती कँटोरिस. स्तोत्राचे एक कडवे या बाजूने गायचे आणि पुढचे त्या बाजूने उचलायचे. आमच्या गावच्या देवळातही टाळकरी असेच दोन बाजूंना उभे राहत. एका बाजूने चरण टाकायचा, दुसऱ्या बाजूने झेलायचा. आजोबा म्हणत की समोरच्याचा श्वास ऐकू आला नाही तर भजन पडते. तेच वाक्य, निराळ्या शब्दांत, माझ्या मुलाला त्याच्या पहिल्या आठवड्यात सांगण्यात आले.

इव्हनसाँग म्हणजे संध्याकाळची गायलेली प्रार्थना. १५४९ साली इंग्लंडच्या चर्चने आपले पहिले इंग्रजी प्रार्थनापुस्तक काढले, तेव्हा मठांतल्या सायंप्रार्थना आणि रात्रीची प्रार्थना एकत्र करून तिची घडण झाली. तिच्यात स्तोत्रे असतात, मरियेचे गीत आणि वृद्ध शिमोनाचे गीत असते, आणि शेवटी बहुधा एखादी मोठी रचना. त्या प्रार्थनापुस्तकात बायबलमधली १५० स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत, म्हणजे महिनाअखेरीस सगळी स्तोत्रे म्हणून होतात आणि एक तारखेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आज बहुतेक ठिकाणी ही वाटणी पूर्णपणे पाळली जात नाही, निवडक कडवी घेतली जातात. तरीही कॉरिस्टरांच्या बोलण्यात ते जुने पंचांग जिवंत आहे. “पंधराव्याची संध्याकाळ” असे कोणी नुसते म्हटले तरी वीस वर्षांचा आणि ऐंशी वर्षांचा माणूस एकाच वेळी हसतो, कारण पंधरा तारखेच्या संध्याकाळी वाट्याला येते ते ७८वे स्तोत्र. त्याची ७३ कडवी आहेत. इजिप्तमधून सुटका, वाळवंट, मान्ना हे आकाशातून मिळालेले अन्न, लोकांचा विसराळूपणा, देवाचा राग असे सगळे त्यात आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते गाताना त्या वाळवंटाचा चांगलाच प्रत्यय येतो.

हे स्तोत्र कसे गायचे, हे कुठेही पुरते लिहिलेले नाही. सूर लिहिलेले असतात, पण चालीत सूर थोडे आणि शब्द पुष्कळ असतात; एका सुरावर कधी तीन अक्षरे तर कधी वीस अक्षरे बसवायची असतात. कुठे किंचित थांबायचे, कोणत्या अक्षरावर भार द्यायचा, कडव्याच्या मध्यावरचा विराम किती लांबवायचा, हे त्या त्या कॅथेड्रलचे आपले वळण असते. त्यात इमारतीचाही वाटा असतो, कारण या उंच दगडी दालनात सूर सोडल्यानंतर तो काही क्षण हवेत राहतो आणि पुढचा शब्द त्याच्यावर आदळू द्यायचा नसतो. हे वळण मुख्य संगीतकार शिकवतात हे खरे. परंतु माझ्या मुलाला ते प्रत्यक्षात शिकवले ते बारा वर्षांच्या एका मुलाने. नव्या मुलाला सुरुवातीला उमेदवार म्हणून मोठ्या मुलाशेजारी बसवतात. उमेदवार हरवला की मोठा मुलगा स्वतःचे गाणे न थांबवता, समोर पाहतच, शेजारच्या वहीवर बोट ठेवतो. इथे आहोत आपण. माझा मुलगा पहिले सहा महिने त्या बोटाच्या आधाराने गायला. तो घरी येऊन शिक्षकांविषयी फारसे बोलत नसे, त्या बोटाविषयी बोले.

शिकवणारा बारा वर्षांचा आणि शिकणारा आठ वर्षांचा, ही गुरुशिष्याची जोडी मला अजूनही अपूर्व वाटते. आपल्याकडे गुरूकडे पन्नास वर्षांची तालीम असते आणि शिष्याने वीस वर्षे घालवावीत अशी अपेक्षा असते. इथे गुरूकडे शिकवायला जेमतेम वर्ष-दीड वर्ष असते, कारण त्यानंतर त्याचा आवाज जाणार असतो. ज्या दिवशी त्याला ही कला पूर्ण आली असे म्हणता येईल, त्याच दिवसांत त्याचे शरीर ती काढून घेते. इंग्रजीत अशा मुलाचा आवाज तुटला असे म्हणतात. मराठीत आपण कंठ फुटला म्हणतो, आणि हेच शब्द पाखराच्या पिलाला पहिल्यांदा आवाज गवसला म्हणजेही वापरतो. बीज फुटावे, पालवी फुटावी, तसा कंठ फुटतो. मुलगा कॉयरमध्ये असताना या दोन क्रियापदांतल्या अंतराचा मी पुष्कळ विचार केला. इंग्रजी शब्द खोटा आहे असे मी म्हणणार नाही. खरेच काहीतरी तुटते. माजी कॉरिस्टरांचा मेळावा म्हणजे एकाच प्रकारचा आवाज गमावलेल्या माणसांचा मेळावा असतो, आणि त्यांच्या आपसातल्या मायेचे मूळ मला तिथेच दिसते.

मुलाच्या कॉयरमधल्या तिसऱ्या वर्षी मी इंग्लंडच्या या संगीताचा इतिहास वाचायला घेतला आणि सतराव्या शतकातल्या एका प्रसंगापाशी अडकले. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत पार्लमेंटचा पक्ष वरचढ झाला, १६४४ साली चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम निघाला आणि १६४५ साली प्रार्थनापुस्तकावर बंदी आली. कॅथेड्रलचे कॉयर बंद पडले. ग्लॉस्टरपासून जवळच असलेल्या वूस्टरमध्ये थॉमस टॉमकिन्स हा वृद्ध रचनाकार ऑर्गनवादक होता; १६४६ साली त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा ऑर्गन उतरवला गेला. तो आणखी दहा वर्षे जगला, पण आपली रचना कॅथेड्रलमध्ये पुन्हा गायली जाताना त्याने ऐकली नाही. त्याचे धार्मिक संगीत त्याच्या मुलाने, नाथानिएलने, १६६८ साली छापून घेतले. मी वूस्टरच्या कॅथेड्रलमध्ये जाते तेव्हा मला तिथल्या राजा जॉनच्या थडग्यापेक्षा या बापलेकाची आठवण अधिक येते.

१६६० साली राजसत्ता परत आली आणि प्रार्थना पुन्हा सुरू झाली. तेव्हा असे दिसून आले की स्वरलिप्या शिल्लक आहेत, मोठी माणसे थोडीफार शिल्लक आहेत, इमारती तर आहेतच. नाहीत ती फक्त मुले. मॅथ्यू लॉक या समकालीन संगीतकाराने १६७३ साली लिहून ठेवले आहे की राजाच्या चॅपलमध्ये, म्हणजे त्याच्या खासगी प्रार्थनागृहात, प्रार्थना सुरू झाल्यावर वर्षभराहून अधिक काळ वरच्या पट्टीचा भाग कॉर्नेट नावाच्या सुषिर वाद्यावर किंवा मोठ्या माणसांच्या कृत्रिम उंच आवाजात भागवावा लागला, कारण आपला भाग नीट गाऊ शकेल असा एकही मुलगा नव्हता. पंधरा वर्षांचा खंड, एवढीच ती गोष्ट. पंधरा वर्षांत मुलांच्या तीन पिढ्या येऊन गेल्या असत्या. ज्याच्या वहीवर कोणी बोट ठेवले होते असा शेवटचा मुलगा आता तिशीकडे पोहोचला होता.

ती घडी पुन्हा कोणी बसवली, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. राजाच्या चॅपलमधल्या मुलांचा प्रमुख म्हणून हेन्री कुक नेमला गेला. यादवीत राजाच्या बाजूने लढल्यामुळे त्याला सगळे कॅप्टन कुक म्हणत, पण त्याआधी, बंदीच्या पूर्वीच्या काळात, तो स्वतः त्याच चॅपलमध्ये मुलगा म्हणून गायला होता. तो माजी कॉरिस्टर होता. त्याने गावोगावहून गळा असलेली मुले गोळा केली आणि आपल्या लहानपणी जे कानांत गेले होते ते त्यांच्या कानांत घातले. पेलम हम्फ्री, जॉन ब्लो, मायकेल वाइज ही पुढे मोठी झालेली नावे त्याच्या हाताखालची. कुक १६७२ साली वारला तेव्हा त्याच्या मुलांत हेन्री पर्सेल होता; पुढच्याच वर्षी पर्सेलचा आवाज बदलला आणि त्याला राजाच्या वाद्यांची देखभाल करणाऱ्याचा मदतनीस म्हणून ठेवण्यात आले. इंग्लंडच्या संगीतातला एवढा मोठा रचनाकार एका माणसाच्या बालपणीच्या आठवणीतून पुढे आला असे म्हटले तर संगीताचे अभ्यासक कदाचित मान हलवतील, पण मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

हे सगळे मी वाचले २०१८ साली, केवळ कुतूहल म्हणून. दोन वर्षांनी ते आमच्या घरात घडले.

२०२०च्या मार्चमध्ये साथीमुळे सगळी चर्च बंद झाली. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि मोठ्या मुलांच्या बाकावर पोहोचला होता. त्याच्या शेजारी एक आठ वर्षांचा उमेदवार नुकताच बसू लागला होता. गाणे हीच त्या काळात धोक्याची गोष्ट ठरली. श्वास, जवळीक आणि उघडे तोंड यांवरच तर ते उभे असते. आठवडे गेले, महिने गेले. संगणकाच्या पडद्यावर तालमी झाल्या, पण पडद्यावर समोरच्याचा श्वास ऐकू येत नाही. ऑगस्टमधल्या एका सकाळी मुलगा स्वयंपाकघरात आला आणि त्याने दूध मागितले, तर आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी आला. त्याचा कंठ घरात फुटला. शेवटची इव्हनसाँग, निघणाऱ्या मुलांसाठी म्हटली जाणारी प्रार्थना, मित्रांचे निरोप, यांतले काहीच झाले नाही. तो रडला नाही. त्याने आपल्या स्तोत्रांच्या वह्या एका खोक्यात भरल्या आणि खोका पलंगाखाली सारला.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांचे नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना ते याच कॉयरमध्ये दाखल झाले आणि युद्ध संपल्यानंतर काही वर्षांनी बाहेर पडले. तेव्हा हर्बर्ट सम्सन ऑर्गनवादक होते, जे १९२८पासून १९६७पर्यंत त्या पदावर राहिले. १९४६ साली हर्बर्ट हॉवेल्स यांनी ग्लॉस्टरसाठी, इथल्या दगडी घुमाऱ्याचा विचार करून, मरियेच्या आणि शिमोनाच्या गीतांना नवे संगीत दिले, ते या आजोबांनी मुलगा असताना गायले आहे. “आज ते सगळीकडे अभिजात म्हणून गातात,” ते एकदा म्हणाले, “आमच्या हातात आलं तेव्हा ते फक्त अवघड होतं.”

साथीच्या त्या उन्हाळ्यात ते एकटेच होते आणि दोन घरांमधल्या कुंपणापाशी खुर्ची टाकून बसत. मुलाच्या आवाजाचे त्यांना माझ्याकडून कळले. त्यांनी त्याला समजावले नाही, धीर दिला नाही. त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारून विचारले, “तू कोणत्या बाजूचा?”

“कँटोरिस,” मुलगा म्हणाला.

“मी डेकानी. वही आण. आज पंधरा तारीख आहे.”

खोके पलंगाखालून निघाले. मध्ये झुडपांचे कुंपण, अलीकडे बारा वर्षांचा मुलगा आणि पलीकडे पंचाऐंशी वर्षांचे आजोबा. ते थरथरत्या खालच्या आवाजात एक कडवे म्हणत, मुलगा त्याच्या नव्या, कुठेही घसरणाऱ्या आवाजात पुढचे उचले. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते. सत्तरएक वर्षांच्या अंतराने शिकलेल्या त्या दोघांचे मधले विराम अगदी सारखे होते. कुठे थांबायचे याविषयी त्यांच्यात एकदाही चुकामूक झाली नाही. आजोबांना ज्या मोठ्या मुलाने शिकवले, त्याच्यापासून माझ्या मुलाला शिकवणाऱ्या मुलापर्यंत मध्ये पंधरा-वीस मुले तरी असतील. त्यांतल्या प्रत्येकाने चार-पाच वर्षे ती गोष्ट सांभाळली आणि पुढच्याच्या हाती दिली. आमच्या कुंपणापाशी त्या साखळीची दोन टोके एकमेकांना पडताळून पाहत होती.

त्यानंतर आजोबांनीच त्याला आयव्हर गर्नीची गोष्ट सांगितली. ग्लॉस्टरच्या माजी कॉरिस्टरांची गोष्ट गर्नीवाचून पुरी होत नाही. १८९० साली या गावातल्या एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला (शिंप्याच्या घरातून आलेल्या गाण्याचे मराठी माणसाला नवल वाटू नये). १९००पासून सहा वर्षे तो कॅथेड्रलच्या कॉयरमध्ये होता, मग तिथले ऑर्गनवादक हर्बर्ट ब्रूअर यांच्या हाताखाली शिकला; ब्रूअर हेही लहानपणी याच कॉयरमध्ये गायलेले. त्यांच्याकडे गर्नीचा सोबती होता तो हॉवेल्स. १९१० सालच्या सप्टेंबरमध्ये ग्लॉस्टर, वूस्टर आणि हेरफर्ड या तीन कॉयरांच्या उत्सवात, इथल्याच कॅथेड्रलमध्ये, व्हॉन विल्यम्स यांची थॉमस टॅलिसच्या चालीवरची रचना प्रथम वाजली. ती ऐकून ही दोन पोरे इतकी भारावली की रात्रभर गावाच्या रस्त्यांवरून फिरत राहिली, असे हॉवेल्स म्हातारपणी सांगत.

गर्नी पहिल्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून गेला, जखमी झाला, विषारी वायूत सापडला. खंदकांत असताना त्याने गाणी रचली आणि कविता लिहिल्या. १९२२ साली त्याचे मन पार ढासळले आणि उरलेली पंधरा वर्षे, १९३७मधल्या मृत्यूपर्यंत, त्याने मनोरुग्णालयांत काढली. १९२२च्या अखेरीनंतर ग्लॉस्टर त्याला पुन्हा दिसले नाही. १९२५ साली त्या भिंतींआड बसून त्याने एक मोटेट, म्हणजे धार्मिक गायनरचना, रचला, तो दोन गायकवृंदांसाठी. मी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्या दोन रांगाच डोळ्यांपुढे दिसल्या. सगळे हातचे गेल्यावरही त्या माणसाच्या मनात डेकानी आणि कँटोरिस समोरासमोर बसलेले होते.

त्याची हस्तलिखिते टिकली ती मित्रांमुळे. मॅरियन स्कॉट या विदुषीने ती वर्षानुवर्षे जपली, संगीतकार जेराल्ड फिन्झी आणि त्याची पत्नी जॉय यांनी ती लावली, हॉवेल्सने संपादनाला हात दिला. गर्नीला ग्लॉस्टरजवळच्या ट्विगवर्थ गावात पुरले आहे. त्याच आवारात हॉवेल्सचा मुलगा मायकेल आहे, जो १९३५ साली नऊ वर्षांचा असताना पोलिओने गेला. आम्ही एका रविवारी तिथे गेलो होतो. माझा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, “आई, नऊ म्हणजे नुकताच उमेदवारीतून वर आला असता.”

परंपरा टिकवली पाहिजे असे मी म्हणते तेव्हा मला मारिया हॅकेट आठवते आणि आठवलीच पाहिजे. मुलांचा गोड आवाज ऐकणाऱ्यांनी त्या मुलांचे काय होते याची शतकानुशतके फारशी चौकशी केली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधली मुले धड शिकवली जात नव्हती आणि रात्रीबेरात्री बाहेरच्या जलशांत गायला भाड्याने पाठवली जात. आपला एक लहान नातेवाईक तिथे गाऊ लागल्यावर हॅकेटबाईंनी हे पाहिले, जुन्या सनदांतून मुलांचे हक्क शोधून काढले आणि पत्रांमागून पत्रे लिहिली. मोठ्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना दाद दिली नाही, तरी त्या थकल्या नाहीत. देशभरातल्या कॅथेड्रलांत त्या फिरल्या, मुलांना भेटल्या, त्यांच्या शाळा पाहिल्या. १८७४ साली नव्वदीत त्या गेल्या, आणि त्याच सुमारास सेंट पॉलच्या मुलांसाठी नव्या शाळेची इमारत उभी राहिली. त्या स्वतः कधीच कॉरिस्टर होऊ शकल्या नसत्या, कारण मुलींना तिथे जागाच नव्हती.

ती जागा मिळायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. १९९१ साली सॉल्झबरीने मुलींचा स्वतंत्र कॉयर सुरू केला आणि मग एकामागून एक कॅथेड्रले त्या वाटेने गेली. काही जुन्या मंडळींना अजूनही वाटते की मुलग्यांच्या आवाजाचा खास पोत त्यामुळे हरवेल. त्यांची काळजी मनापासूनची आहे हे मी जाणते, तरी मला ती पटत नाही. १६६०मध्ये गाणारे कोणीच नव्हते. ज्या परंपरेने ती वेळ पाहिली आहे तिने शिकू पाहणाऱ्या एकाही गळ्याला नाही म्हणू नये. आज मेळाव्याला येणाऱ्यांत तरुण मुलीही असतात, आणि पंधराव्याच्या संध्याकाळीचा उल्लेख झाला की त्याही हसतात.

या धाग्याचे एक टोक मी जिथे शिकले त्याच शहरात होते, हे मात्र मला ग्लॉस्टरला येऊन कळले. शिकत असताना मी मुंबईत फोर्टमधून रोज जात असे. तिथले सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ सालच्या नाताळात उघडले; किल्ल्याचा जो दरवाजा त्याच्याकडे जाई त्यावरून चर्चगेट हे नाव आले, इतके मला ठाऊक होते. परंतु जवळच जी नामांकित कॅथेड्रल शाळा आहे, तिची सुरुवात १८६० साली बिशप हार्डिंग यांच्या काळात या कॅथेड्रलला गाणारी मुले मिळावीत म्हणून झाली, हे मी कधी ऐकले नव्हते. मागच्या भेटीत मी आत गेले. दुपारची वेळ होती, आत कोणी नव्हते. गाणाऱ्यांचे बाक इथेही समोरासमोर आहेत का, हेच मी सर्वांत आधी पाहिले.

इंग्लंडमध्ये हे जपण्यासाठी माणसे संघटित झालेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून निरनिराळ्या कॅथेड्रलांच्या माजी कॉरिस्टरांच्या संघटनांचा एक महासंघ आहे. १९५६ साली कॅथेड्रल संगीताच्या मित्रांची एक संस्था स्थापन झाली, जी आता विश्वस्त निधी म्हणून चालते. साथीच्या वर्षी इतर संस्थांबरोबर तिने कॉयरांसाठी आपत्कालीन निधी उभारला. पैसा लागतोच. मुलांचे शिक्षण, मोठ्या गायकांचे वेतन, ऑर्गनची देखभाल, यांतले काही फुकट होत नाही, आणि चर्चला नियमित जाणारी माणसे घटत चालली आहेत. तरीही माजी कॉरिस्टर देतात त्या वर्गणीपेक्षा त्यांचे येणे मला अधिक मोलाचे वाटते. ते येतात, मागच्या रांगेत उभे राहतात आणि आता खालच्या पट्टीतला भाग गातात. त्यांच्या पुढे त्यांच्याच जुन्या जागेवर एक मूल उभे असते, आणि त्या मुलाला पाठीमागून ऐकू येत असते की विराम कुठे आहे.

साथीनंतरच्या पहिल्या मेळाव्याला मुलगा जायला तयार नव्हता. मी निरोपच घेतला नाही तर माजी कसा, असे त्याचे म्हणणे होते. शेजारच्या आजोबांना गाडीतून न्यायला कोणीतरी हवे होते, म्हणून तो गेला. तालमीच्या वेळी मी दाराशी उभी होते. मधल्या काळात वाढलेला, आता मोठ्या मुलांच्या बाकावर आलेला तो आठ वर्षांचा उमेदवार समोर होता. त्याने माझ्या मुलाला पाहिले आणि आपली वही उघडून एक पान दाखवले. पानाच्या कडेला पेन्सिलीची एक बारीक खूण होती. ती २०२०च्या फेब्रुवारीत माझ्या मुलाने केली होती, श्वास कुठे घ्यायचा नाही हे दाखवण्यासाठी. त्याने ती पुसली नव्हती. आता त्याच्या शेजारी एक नवी उमेदवार मुलगी होती आणि तिलाही त्याने तिथे श्वास घेऊ दिला नव्हता.

तेव्हापासून मुलगा दरवर्षी जातो. त्याचा आवाज टेनर निघाला. विद्यापीठातही तो गातो, पण तिथल्या विरामांविषयी त्याच्या तक्रारी असतात. शेजारच्या आजोबांनी नव्वदी ओलांडली आहे. उभे राहून गाणे त्यांना जमत नाही, म्हणून त्यांच्यासाठी डेकानीच्या बाजूला खुर्ची ठेवतात.

गेल्या आठवड्यात मी ७८वे स्तोत्र मराठी बायबलमध्ये काढून वाचले. मुलाने ते इतकी वर्षे गायले, मी इतकी वर्षे ऐकले, पण त्याची सुरुवात कशाने होते हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. जे आम्ही ऐकले आणि आमच्या वडिलांनी आम्हांला सांगितले ते आम्ही त्यांच्या मुलांपासून लपवणार नाही, पुढच्या पिढीला सांगू, म्हणजे अजून जन्मायची आहेत ती मुले उठून आपल्या मुलांना सांगतील, अशा अर्थाची ती कडवी आहेत. वाळवंट, मान्ना आणि राग हे सगळे त्यानंतरचे. मी मुलाला हे कळवले. उत्तर रात्री उशिरा आले: “हो आई, ते कँटोरिसचं कडवं आहे. पंधरा तारखेला घरी येतोय. आजोबांना सांग, कुंपणापाशी खुर्ची काढून ठेवायला. या वेळी पूर्ण ७३.”